यंत्र ठणठणीत आहे हो, ड्रायव्हर नाही!

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला गणगोतात एक अलिखित हुद्दा असतो, फुकट कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. आपण जन्मभर कुठल्या तरी बँकेच्या सर्व्हरवरचा कोड लिहीत असलो तरी मावशीच्या जावयाचा प्रिंटर चालत नाही म्हणून फोन आपल्यालाच येतो. :) त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद केले आणि तेव्हापासून हे फोन एकाच साच्याचे यायला लागलेत. "अपग्रेड केलं, अन् तेव्हापासून अमुक मशीन चालत नाही." हे अमुक मशीन कधी प्रिंटर असतं, कधी स्कॅनर, कधी अंगठा घ्यायचं मशीन. आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा त्या मशीनला काहीही झालेलं नसतं.

आजचा विषय तोच. चांगलं चालणारं यंत्र एका रात्रीत भंगार कसं होतं, आणि ते होऊ द्यायचं की नाही हे ठरवायचं कोणी?

आमचा बुलडाणा जिल्हा तेरा तालुक्यांचा. खामगाव, मलकापूर, चिखली असो की लोणार, संग्रामपूर असो, कुठल्याही तहसीलसमोर जा, चित्र साधारण एकच दिसेल. झेरॉक्सची दुकानं, टायपिंगवाले, आणि मधूनमधून 'आपले सरकार सेवा केंद्र' असा फलक. आत एक टेबल. त्यावर एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, एक स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, एक वेबकॅम, आणि जिथे ऑनलाइन सही लागते तिथे डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा दिसणारा टोकन. पाच-सहा वस्तू, म्हणजे पाच-सहा ड्रायव्हर. विंडोज बदललं की ह्यातला प्रत्येक जण नव्याने परीक्षेला बसतो. आणि एक जरी नापास झाला तरी त्या टेबलापुढची रांग थांबते.

आता ड्रायव्हर म्हणजे नेमकं काय, ते माझ्या सॉफ्टवेअरवाल्या मित्रांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी दोन ओळी. ऑपरेटिंग सिस्टिमला, म्हणजे विंडोजला, तुमचा प्रिंटर किंवा स्कॅनर आतून कसा चालतो ते ठाऊक नसतं. प्रत्येक कंपनीचं यंत्र आपापली बोली बोलतं. दिवा लाव, काच पुढे सरकव, एवढ्या रेघा वाच, हे सगळं त्या बोलीत सांगावं लागतं. ड्रायव्हर हा त्या दोघांमधला दुभाषा. त्याला एका बाजूने यंत्राची बोली यावी लागते आणि दुसऱ्या बाजूने विंडोजची रीत. यंत्राची बोली कधीच बदलत नाही, ते कारखान्यातून जसं निघालं तसंच राहतं. बदलते ती विंडोजची रीत. मग दुभाष्याला नवी रीत कोणी तरी शिकवावी लागते. ते करू शकते फक्त ज्या कंपनीने यंत्र बनवलं ती, कारण यंत्राची बोली तिने दुसऱ्या कोणाला सांगितलेलीच नसते.

सगळी मेख इथे आहे.

विंडोजची ही रीत काही पहिल्यांदा बदललेली नाही. ज्यांनी २००७ चं व्हिस्टा सोसलंय त्यांना आठवत असेल. ३० जानेवारी २००७ ला व्हिस्टा सर्वसामान्यांच्या हाती आलं. त्यात स्क्रीनच्या ड्रायव्हरची रचना नवी होती, आवाजाची व्यवस्था नवी होती, प्रिंटरचे ड्रायव्हर सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चालवायला बंदी आली होती, आणि ६४ बिटच्या आवृत्तीत सही नसलेला कर्नल-ड्रायव्हर चालणारच नव्हता. कंपन्यांचे ड्रायव्हर तयारच नव्हते. पुढे अमेरिकेत एका खटल्याच्या निमित्ताने मायक्रोसॉफ्टचे आतले ईमेल २००८ मध्ये उघड झाले. त्यात स्टीव्हन सिनॉफ्स्की ह्यांची, म्हणजे ज्यांनी नंतर विंडोज ७ ची धुरा सांभाळली त्यांची, स्वतःच्या घरच्या प्रिंटरला वेळेवर ड्रायव्हर मिळाला नसल्याची कैफियत आहे! त्याच कागदपत्रांत क्रॅशची एक आकडेवारी होती. व्हिस्टाच्या नोंदलेल्या क्रॅशपैकी सुमारे २९ टक्के एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे होते, आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कोडमुळे सुमारे १८ टक्के.

म्हणजे विंडोज बनवणाऱ्यांच्या घरीही प्रिंटर रुसतो. मग मेहकरच्या टपरीत का नाही रुसणार?

मायक्रोसॉफ्टला नुसत्या शिव्या घालून भागणार नाही, हेही सांगितलं पाहिजे. कर्नलमध्ये चालणारा ड्रायव्हर म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या हातात असलेला पाहुणा. तो चुकला तर एक प्रोग्रॅम नाही, अख्खा कॉम्प्युटर बसतो. १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवा. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने तिचा कर्नल-ड्रायव्हर कोसळला आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर गेले. विमानं जमिनीवर राहिली, दवाखाने अडले. त्याआधी २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट व्यवस्थेतलं 'प्रिंटनाइटमेअर' हे भोक सापडलं. प्रिंटर-ड्रायव्हर बसवण्याच्या सोयीतूनच परक्या माणसाला कॉम्प्युटरचा पूर्ण ताबा मिळवता येत होता. एवढं सगळं झाल्यावर विंडोज कडक होणार नाही तर काय?

आणि ते कडक झालं आहे. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालीच नाही. ६४ बिट विंडोजमध्ये ३२ बिटचा कर्नल-ड्रायव्हर चढत नाही, त्याला पळवाट नाही. म्हणजे ज्या यंत्राच्या कंपनीने ६४ बिट ड्रायव्हर कधी लिहिलाच नाही, आणि जे आतापर्यंत ३२ बिट विंडोज १० वर निमूटपणे चालत होतं, त्याचा प्रवास तिथेच संपतो. शिवाय 'मेमरी इंटिग्रिटी' नावाची सोय जुन्या वळणाच्या ड्रायव्हरना दारातच अडवते. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणखी एक जाहीर केलं. प्रिंटर कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून वाटणं ती टप्प्याटप्प्याने बंद करणार. बसवलेले ड्रायव्हर चालत राहतील, पण पुढची दिशा ठरली आहे.

ह्या प्रत्येक निर्णयामागे तांत्रिक कारण आहे, आणि इंजिनिअर म्हणून मला ती पटतात. पण प्रत्येक वेळी बिल फाडलं जातं ते एकाच माणसाच्या नावाने, ज्याने ते यंत्र विकत घेतलं त्याच्या.

मागे गावाकडे गेलो असताना ओळखीच्या एका सेवा केंद्रात बसलो होतो. मुलाने नवा कॉम्प्युटर आणला होता, विंडोज ११ वाला. प्रिंटर चालू झाला. अंगठ्याचं मशीन अर्धा दिवस भांडून चालू झालं. स्कॅनर मात्र काही केल्या दिसेना. कंपनी नामांकित, नाव सांगत नाही. तिच्या वेबसाइटवर ह्या मॉडेलचा शेवटचा ड्रायव्हर विंडोज ७ साठीचा. ग्राहक सेवेला फोन लावला तर उत्तर आलं की मॉडेल 'एंड ऑफ लाइफ' आहे, नवीन घ्या. तो मुलगा मला म्हणाला, "मशीन तं चांगलंच हाये ना भाऊ. लाइट लागते, आवाज बी करते. मंग काहून चालत नाही? अन् एंड ऑफ लाइफ कोणाची, माह्या मशीनची का त्यायच्या मर्जीची?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे तांत्रिक उत्तर होतं. ते दिलंही. पण खरं उत्तर त्याच्या प्रश्नातच होतं.

दिवस जूनचे होते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, कॉलेज प्रवेशासाठी सगळ्यांची एकच घाई. प्रत्येक अर्जाला कागद स्कॅन करून जोडायचे. मोबाइलने फोटो काढून काम भागवता येतं, त्यानेही तेच केलं. पण फोटो वाकडा, अंधारलेला, साइज मोठी, मग अर्ज त्रुटीत परत. एका अर्जाला दहा मिनिटांऐवजी अर्धा तास. बाहेर बसलेल्या मुलींना एसटी गाठायची होती.

अंगठ्याच्या मशीनची गोष्ट ह्याहून गंभीर आहे. पीएम-किसानचं ई-केवायसी ओटीपीने होतं, किंवा सेवा केंद्रात बोट टेकवून होतं. ज्याचा मोबाइल आधारला जोडलेला नाही, किंवा नंबर कधीच बंद पडलाय, त्याला बोटाशिवाय मार्ग कठीण. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून जळगाव जामोदला किंवा संग्रामपूरला येणारा माणूस त्या दिवसाची मजुरी सोडून येतो. आणि त्या मशीनची व्यवस्था कशी असते बघा. यंत्राच्या खाली ड्रायव्हर. ड्रायव्हरवर 'आरडी सर्व्हिस' नावाचा प्रोग्रॅम. तो त्याच कॉम्प्युटरवर ११,१०० ते ११,१२० ह्यांपैकी एखाद्या पोर्टवर कान लावून बसतो. वरून ब्राउझरमधलं सरकारी पान त्याला हाक मारतं, तो बोटाचा ठसा कूटबद्ध करून देतो. ह्या साखळीत विंडोज अपडेट, ब्राउझर अपडेट, अँटिव्हायरस, ह्यांपैकी कोणीही एक कडी हलवली की स्क्रीनवर येतं, 'डिव्हाइस नॉट रेडी'. समोर उभ्या असलेल्या आजोबांना त्याचं भाषांतर मिळतं ते एवढंच, "बाबा, उद्या या."

सुरक्षेसाठी आधार प्राधिकरणाने जुनी 'एल-झीरो' यंत्रं सोडून 'एल-वन' यंत्रं वापरायला लावली. जुन्या यंत्रात ठसा कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये कूटबद्ध व्हायचा, नव्यात यंत्राच्या आतच होतो. बदल चांगलाच आहे, ठसा चोरीला जाण्यापेक्षा यंत्र बदललेलं बरं. पण नवं यंत्र विकत घेतलं ते केंद्र चालवणाऱ्याने, स्वतःच्या खिशातून. आणि ते यंत्र पुढच्या विंडोजवर किती वर्षं चालेल हे त्याला खरेदीच्या वेळी कोणी सांगितलं? खोक्यावर तर कुठे छापलेलं दिसत नाही.

आता वापरणाऱ्याला जमेल ते तो करतो, आणि ते बहुतेक वेळा धोक्याचं असतं. गूगलवर यंत्राचं नाव आणि 'ड्रायव्हर डाउनलोड' असं टाकलं की कंपनीच्या पानाच्या आधी भलत्याच साइटी वर येतात. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट करा' म्हणणारे प्रोग्रॅम असतात. त्यातले बरेचसे पैसे उकळणारे, काही सरळसरळ विषारी. नाही तर कोणी तरी यूट्यूबवर सांगतो की सहीची तपासणी बंद करा, मेमरी इंटिग्रिटी बंद करा, म्हणजे जुना ड्रायव्हर चढेल. कधीकधी चढतोही! पण ज्या कॉम्प्युटरवर गावभराचे आधार क्रमांक, बँक खाती आणि कोणाची तरी डिजिटल सही आहे, त्याचीच कुलपं आपण काढून ठेवली. सुरक्षेसाठी केलेल्या बदलाने शेवटी माणसाला असुरक्षित व्हायला भाग पाडलं, असा हा उलटा प्रकार.

"मग लिनक्स टाक ना!" हा आमच्या जमातीचा ठरलेला सल्ला. लिनक्सचा मी चाहता आहे, आणि ह्या बाबतीत त्यांचा विचार मुळातून वेगळा आहे हे खरंच. तिथे बहुतेक ड्रायव्हरचा सोर्स कर्नलबरोबरच राहतो. कर्नलची रीत बदलली की ज्याने बदलली त्यानेच सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे, असा रिवाज. व्हिस्टा आलं त्याच महिन्यात, जानेवारी २००७ मध्ये, ग्रेग क्रोआ-हार्टमन ह्या कर्नल डेव्हलपरने कंपन्यांना जाहीर सांगितलं की तुम्ही फक्त यंत्राची माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देऊ. इतकी सोपी अट, तरी कित्येक कंपन्या आल्या नाहीत. आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ तरी कशातून सुरू झाली? १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला, रिचर्ड स्टॉलमनला त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कागद अडकल्याची सूचना देणारी सोय घालायची होती, आणि सोर्स द्यायला नकार मिळाला. प्रिंटरचं दुखणं किती जुनं आहे बघा.

पण सेवा केंद्रवाल्याला "लिनक्स टाक" म्हणणं म्हणजे तहानलेल्याला विहीर खणायला सांगणं आहे. त्याच्या अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी येतं. त्याचं सरकारी काम ज्यावर चालतं तीच त्याची ऑपरेटिंग सिस्टिम. निवड त्याची नाहीच. घरी एखादा जुना स्कॅनर वाचवायचा असेल तर लिनक्स उत्तम. त्यातल्या 'सेन' ह्या प्रकल्पाने कंपन्यांनी टाकून दिलेले कितीतरी स्कॅनर जिवंत ठेवलेत. विंडोजवरच राहायचं असेल तर एड हॅमरिक ह्यांचं 'व्ह्यूस्कॅन' आहे. हजारो मॉडेल चालवणारं हे सॉफ्टवेअर त्यांनी १९९८ पासून सांभाळलंय. पैसे पडतात, पण नव्या स्कॅनरपेक्षा कमी. त्या मुलालाही मी शेवटी हाच मार्ग सुचवला. ह्यातून एक गोष्ट मात्र सिद्ध होते. कंपनी जे 'शक्य नाही' म्हणते ते बाहेरचा एक माणूस, यंत्राची बोली ऐकून ऐकून शिकून, करून दाखवू शकतो. तेव्हा प्रश्न तंत्राचा नाही. कंपनीला त्यात पैसे दिसत नाहीत, एवढाच आहे.

कंपनीची बाजूही ऐकू. जुन्या मॉडेलसाठी नवा ड्रायव्हर लिहायचा, तपासायचा, मायक्रोसॉफ्टकडून सही करून घ्यायची, ह्याला खर्च येतो, आणि त्या ग्राहकाकडून आता एक पैसाही यायचा नसतो. मान्य. पण मग विकताना काय विकलं ते तरी नीट सांगा. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत घरोघरी पोचलेले स्वस्त लेझर प्रिंटर घ्या, एचपीचा लेझरजेट १०२० किंवा कॅननचा एलबीपी २९००. दणकट यंत्रं, वर्षानुवर्षं चालतात. पण ते स्वस्त का होते? कारण पानाचं चित्र बनवायचं डोकं प्रिंटरमध्ये न घालता तुमच्या कॉम्प्युटरवर, ड्रायव्हरमध्ये ठेवलं होतं. १०२० ला तर चालू केल्यावर त्याचं फर्मवेअरसुद्धा कॉम्प्युटरने पाठवावं लागतं, त्याशिवाय तो जागाच होत नाही. म्हणजे अशा प्रिंटरचा अर्धा भाग टेबलावर असतो आणि अर्धा भाग ड्रायव्हरमध्ये. खोकं घरी आणलं तेव्हा आपल्याला वाटलं की अख्खं यंत्र आपलं झालं. प्रत्यक्षात त्यातला अर्धा भाग कंपनीकडेच राहिला, आणि तो किती दिवस देत राहायचं हे तीच ठरवणार.

माझं म्हणणं एवढंच आहे. ड्रायव्हर ही यंत्राबरोबर मिळणारी खैरात नाही, तो यंत्राचा भाग आहे. तेव्हा त्याचा हिशोबही यंत्राबरोबरच व्हायला हवा.

हे कसं करायचं ते शोधायला फार लांब जायला नको. आमच्या जिल्ह्यात कापूस-सोयाबीन पेरणारा कुठलाही शेतकरी बियाण्याची पिशवी घेताना आधी लेबल वाचतो. लॉट नंबर, उगवणशक्ती, वैधतेची तारीख. सोयाबीनला किमान ७० टक्के उगवणशक्ती हवी हे त्याला पाठ असतं. हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे, कारण पिशवीच्या आतलं त्याला बघून कळणार नाही. ड्रायव्हरही पिशवीच्या आतलाच माल. मग प्रिंटरच्या, स्कॅनरच्या, अंगठ्याच्या मशीनच्या खोक्यावर 'ड्रायव्हर अमुक वर्षापर्यंत मिळेल' असं छापायला काय हरकत आहे? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, इंटरनेटला जोडता येणाऱ्या बऱ्याच ग्राहक वस्तूंसाठी, सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील ते जाहीर करणं सक्तीचं झालंय. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टु रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. पण दुरुस्ती म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे पाना आणि सोल्डरिंग गन येते. ड्रायव्हर हाही सुटा भागच आहे, हे अजून तिथे ठसायचंय.

दुसरी गोष्ट, मुदत संपली की बोली उघडी करा. कंपनीला पुढे ड्रायव्हर द्यायचा नसेल तर तिने यंत्राची माहिती प्रसिद्ध करावी. ज्याला गरज असेल तो लिहील. दहा-पंधरा वर्षं जुन्या स्कॅनरच्या काचेखालचं कुठलं गुपित स्पर्धक चोरणार आहे?

तिसरी गोष्ट सरकारसाठी. जे यंत्र सरकारी कामाला लागतं, ज्याला सरकारी यंत्रणा प्रमाणपत्र देते, त्याच्या प्रमाणपत्राच्या अटीतच ड्रायव्हरचं आयुष्य आलं पाहिजे. बोटाचा ठसा नीट घेतं का हे तपासता, मग नव्या विंडोजवर किती दिवसांत चालेल आणि किती वर्षं चालेल हेही लिहून घ्या. इतकी यंत्रं विकली जाणार म्हटल्यावर कंपन्या नाही म्हणणार नाहीत.

आणि हे सगळं स्वप्नरंजन वाटत असेल तर खिशातला पेनड्राइव्ह काढून बघा. विंडोज ९८ च्या काळात पेनड्राइव्हबरोबर ड्रायव्हरची सीडी यायची आणि ती हरवली की पेनड्राइव्ह म्हणजे नुसती किल्लीची शोभा. मग सगळ्यांनी यूएसबीचं एक ठरलेलं प्रमाण धरलं आणि एक सर्वसाधारण ड्रायव्हर प्रत्येक सिस्टिममध्येच आला. आज कुठलाही पेनड्राइव्ह कुठेही लावा, कोणी कंपनी विचारत नाही. कीबोर्ड, माउस, वेबकॅम, ह्यांचंही तेच झालं. नव्या प्रिंटरमध्येही 'आयपीपी'सारखी प्रमाणं आली आहेत, त्यांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही, आणि मायक्रोसॉफ्ट त्याच रस्त्याने निघाली आहे. तेव्हा ड्रायव्हरची कटकट हा काही निसर्गनियम नाही. ती कंपन्यांच्या न ठरवण्यातून येते, आणि ठरवलं की जाते.

हे होईपर्यंत काय करायचं? अपग्रेड करण्याआधी टेबलावरच्या प्रत्येक यंत्राचं मॉडेल कागदावर लिहा आणि कंपनीच्या स्वतःच्या साइटवर ६४ बिट ड्रायव्हर, नव्या विंडोजसाठीचा, आहे का ते बघा. असेल तर आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. सध्याचे चालू ड्रायव्हरही बाहेर काढून जपता येतात, विंडोजमध्येच 'पीएनपीयुटिल' नावाची सोय आहे, शेजारच्या कॉम्प्युटर शिकलेल्या पोराला सांगा. त्याच कॉम्प्युटरवर विंडोज १० चं ११ केलं असेल तर साधारण दहा दिवसांत मागे फिरता येतं. त्या दहा दिवसांत सगळी यंत्रं एकदा तरी चालवून बघा. सेवा केंद्र असेल तर जून-जुलैत, दाखल्यांच्या आणि पीकविम्याच्या घाईत, अपग्रेडला हात लावू नका. ज्यांना वेळ हवा होता त्यांच्यासाठी विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घ्यायची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली होती, तीही ह्याचसाठी. आणि नवं यंत्र घेताना दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा, ह्याचा ड्रायव्हर किती वर्षं मिळेल? त्याला उत्तर येणार नाही. तरी विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की तो डीलरला विचारेल, डीलर कंपनीला विचारेल.

कॅनालिस ह्या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज केला होता की विंडोज १० बंद होण्याने जगातले सुमारे २४ कोटी कॉम्प्युटर भंगारात जाऊ शकतात, कारण विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० चिप किंवा नवा प्रोसेसर त्यांच्यात नाही. त्या आकड्यात फक्त कॉम्प्युटर आहेत. त्यांच्या शेजारी बसलेले, नव्या कॉम्प्युटरशी बोलता न आल्याने गप्प झालेले प्रिंटर आणि स्कॅनर त्यात मोजलेले नाहीत. आपल्याकडे सायकलपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं दुरुस्त करून वापरायची रीत आहे. खामगावच्या मेकॅनिकला एखादा भाग मिळाला नाही तर तो लेथवर करून घेतो. इथे तो हात बांधून उभा आहे, कारण यंत्राची बोली त्याला कोणी सांगितलीच नाही.

ती सांगायला लावणं हे ग्राहक म्हणून आपलं आणि खरेदीदार म्हणून सरकारचं काम आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. असो. आजच्यापुरतं पुरे, चहा गार झाला. पुढच्या शनिवारी भेटू.